डोक्यात जाणाऱ्या म्हणी आणि 'असं म्हणतात' छापाची वाक्यं

तिरपी रेघ (धागाकर्ता)

म्हणींत शहाणपण असतं, मान्य. पण काही म्हणी अर्ध्यावर तोडलेल्या असतात, काहींचा अर्थ उलटा लावला जातो, काहींचं मूळ निरीक्षणच फसलेलं असतं, आणि काही निव्वळ समोरच्याचं तोंड बंद करायला बाहेर काढतात. ही शेवटची जात सगळ्यात वाईट. इथे त्या गोळा करू. नुसतं 'डोक्यात जाते' नको, नेमकं कुठे बिनसतं तेही लिहा.

सुरुवात करतो. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' अशी अभ्यासिका नसेल जिच्या भिंतीवर ही ओळ नाही. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं वामन पंडितांनी सतराव्या शतकात केलेलं हे मराठी रूप. श्लोक चार चरणांचा, भिंतीवर चढतो फक्त पहिला. पुढचे चरण म्हणतात की मृगजळ पिऊन एक वेळ तहानही भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टी मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही. म्हणजे वाळूतून तेल हा तीन अशक्य गोष्टींतला पहिला नमुना. कवीने अशक्याचा दाखला म्हणून जे दिलं, तेच आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पोरांना धीर म्हणून देतो. सगळा अर्थ 'तेलही'मधल्या 'ही'मध्ये आहे. संस्कृतातल्या 'लभेत'चा सूर तोच: एक वेळ मिळेलही!

गुळाचा खडा

'गाढवाला गुळाची चव काय.' गाढवाला गुळाची चव उत्तम कळते. घोडा काय, गाढव काय, दोघंही गोडाला चटावलेले. ज्याला गोड खरोखर कळत नाही तो प्राणी म्हणजे मांजर. गोड चव ओळखणारा ग्रहणक दोन जनुकांच्या जोडीतून तयार होतो; मांजराच्या कुळात त्यातलं एक निकामी आहे. वाघ-चित्तेही त्यात आले. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. मांजर बासुंदीवर तुटून पडतं ते त्यातल्या स्निग्धांशासाठी. तेव्हा म्हण हवीच असेल तर 'मांजराला गुळाची चव काय'. गाढवाची निदान या एका आरोपातून सुटका करा.

रानवाटा

प्राण्यांचा विषय निघालाच आहे तर.

'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' आणि 'कोल्हा काकडीला राजी' या दोन म्हणी शेजारी शेजारी ठेवा. पहिली इसापाची, बाहेरून आलेली. तिथला प्राणी खरं तर खोकड. मराठीत येताना त्याचा कोल्हा झाला. दुसरी इथल्या शेताच्या बांधावरून आलेली, आणि ती अचूक आहे. कोल्हा नुसता मांसाहारी नाही. काकडी, टरबूज, बोरं, ऊस, सगळं खातो, आणि द्राक्षंही सोडत नाही. बाहेरची म्हण गोष्टीतून आली, घरची पाहून झाली. हा फरक बऱ्याच ठिकाणी दिसेल.

'गानकोकिळा', 'कोकिळकंठी गायिका'. कुहूकुहू करतो तो नर. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे कर्कश किक्-किक्-किक्. गायिकेला कोकिळा म्हणणं म्हणजे पक्षीशास्त्राच्या हिशेबाने टोमणाच.

'शहामृगी पवित्रा' हीसुद्धा आयात. शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही. धोका दिसला की मान जमिनीसरशी करून बसतो, लांबून फक्त अंगाचा ढिगारा दिसतो. शिवाय अंडी जमिनीवरच्या खळग्यात असतात आणि ती चोचीने फिरवताना डोकं खाली जातं. एरवी तो ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पळतो. संकटाकडे पाठ फिरवणाऱ्याला तुलनेसाठी दुसरं कोणी शोधा.

आणि 'सापाला दूध पाजणं', 'नागाने डूख धरणं'. साप सस्तन नाही, दूध त्याचं अन्नच नव्हे. दूध पिणारा साप दाखवतात तो बरेच दिवस तहानलेला ठेवलेला असतो. त्या अवस्थेत तो समोर येईल ते द्रव पितो आणि पुष्कळदा त्यानेच मरतो. डूख धरायला माणसाचा चेहरा लक्षात ठेवावा लागतो, तेवढा त्याचा मेंदू नाही. एक साप मारला की 'जोडीदार येतो' म्हणतात, त्याला साधं कारण बरेचदा पुरतं: उंदीर, अडगळ, दगडांचा ढीग तिथेच राहिलेला असतो, दुसरा साप त्या ओढीने येतो. डूख उतरवायचा तर आधी अडगळ काढा.

जुनी वही

सगळं बरोबर आहे हो, पण म्हण हे रूपक असतं. रूपकाला प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कशाला न्यायचं? उद्या 'आकाश कोसळलं' म्हटल्यावर वातावरणाचा दाब सांगाल.

तिरपी रेघ

जुनी वही, रूपकाला आक्षेप नाही. पण 'असं म्हणतात ना' म्हणून ते पुरावा म्हणून पुढे केलं की तपासायचं नाही का? 'भुंकणारे कुत्रे चावत नाहीत' यावर विसंबून लोक खरोखर पोरांना पुढे ढकलतात.

पट्टा आणि साखळी

त्या म्हणीवर लिहितोच. भुंकणं म्हणजे 'अंतर ठेव' ही सूचना. ती पाळली नाही की पुढची पायरी चावण्याची. पाहायचं ते शरीर. अंग ताठ, वजन पुढच्या पायांवर, शेपटी उंच आणि ताठ, नजर रोखलेली, आणि भुंकता भुंकता एकदम शांत झालेला? तो चावणार. शेपटी हलतेय म्हणजे मैत्री, हेही खोटं. ताठ शेपटीचं बारीक थरथरणं हे तणावाचं लक्षण. अशा वेळी पळू नका, डोळ्यात डोळे घालू नका, अंग तिरकं करून हळू मागे सरका.

चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं, साबणाने ते विरघळतं. हळद, चुना, मिरची काही भरू नका, आणि लस त्याच दिवशी सुरू करा. ओरखडा असला तरी.

खळखळाट

जुनी वही यांच्या बाजूने एक. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही भौतिकशास्त्रात शंभर टक्के उतरते. आवाज पाण्याचा नसतो, हवेचा असतो. दगडांवरून पडताना पाण्यात बुडबुडे अडकतात, ते आकुंचन-प्रसरण पावतात, तो खळखळाट. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३,३०० हर्ट्झचा स्वर देतो, मोठा बुडबुडा त्याहून खालचा. डोहात पृष्ठभाग फुटत नाही, हवा आत जात नाही, म्हणून शांत.

घोटाळा पुढे होतो. लोक उलटं वाचतात: शांत आहे म्हणजे सखोल आहे. शांत पाणी डबक्यातही असतं. आणि खऱ्या नदीत माणूस त्या शांत जागीही बुडतो, तेव्हा पोहायला उतरताना म्हणीचा अर्थ माणसांपुरता न ठेवता पाण्यालाही लावावा.

पर्णिका

झाडांच्या म्हणी सहसा खऱ्या निघतात. 'पळसाला पानं तीनच': वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ती एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका, पण डोळ्यांनी मोजली ती बरोबरच. 'उंबराचं फूल' दुर्मिळ मानलं ते मात्र फसलं. उंबराला फुलं ढिगाने असतात, फळाच्या आत. ज्याला आपण उंबर म्हणतो ते आतून फुलांनी भरलेलं गोळ्यासारखं बंद दालन. बारीक वरटी त्याच्या टोकाच्या भोकातून आत शिरते आणि परागण करते. 'उंबराचं फूल झालास' ऐकवलं की बिनधास्त 'फोडून बघा' म्हणावं.

अवांतर: 'गोगलगाय नि पोटात पाय' याची दाद द्यायला हवी. गोगलगायीच्या वर्गाचं शास्त्रीय नावच 'उदरपाद' आहे.

खडूस खारूताई

'बळी तो कान पिळी, डार्विननेच सांगितलंय.' यामागे असतं ते 'सर्व्हायवल ऑफ द फिटेस्ट', आणि ते शब्द हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ सालचे. डार्विनने ते 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतले. आणि टिकतो तो बळकट नव्हे, परिस्थितीत बसणारा. त्या हिशेबाने झुरळ चॅम्पियन आहे, त्याला कोणाचा कान पिळताना पाहिलंय?

कलम आणि दौत

माझ्या यादीत पहिला नंबर 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये'. हिच्याइतकं आर्थिक नुकसान दुसऱ्या कुठल्या म्हणीने केलं नसेल. खटले लांबतात हे खरंच. पण ही म्हण ऐकून लोक पायरी चढत नाहीत एवढंच होत नाही, मुदतही घालवतात. आणि मुदत गेली की शहाणा-वेडा सारखेच.

हातउसने दिलेले पैसे घ्या. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार वसुलीच्या दाव्याला ३ वर्षं. 'मागशील तेव्हा देतो' अशा बोलीवर दिले असतील तर ती ३ वर्षं मागितल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत, दिल्याच्या दिवसापासून मोजतात. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. नात्यात वाद नको म्हणून चार वर्षं थांबतात आणि मग वकिलाकडे जातात. कोर्टात जायचं नसेल तर निदान मुदत संपण्याआधी समोरच्याकडून 'एवढी रक्कम देणं आहे' असं तारीख घालून लिहून, सही करून घ्या. त्या तारखेपासून नवी ३ वर्षं सुरू होतात. मुदत संपल्यावर घेतलेल्या तशा चिठ्ठीने मेलेली मुदत जिवंत होत नाही.

चेक वटला नाही तर वेळापत्रक आणखी कडक. चेक तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत भरलेला हवा. तो परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते संपल्यावर १ महिन्याच्या आत तक्रार. चेक भरण्याची किंवा नोटिशीची मुदत चुकली की कलम १३८ चा, म्हणजे चेक न वटल्याच्या फौजदारी तक्रारीचा रस्ता बंद; फक्त तक्रारीला उशीर झाला असेल तर विलंबाचं समाधानकारक कारण देत बसा. 'बघू, देईल बिचारा' या वाक्यात ३० दिवस सहज जातात.

ग्राहक तक्रारीला २ वर्षांची मुदत; वस्तू किंवा सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नसतं. पायरीला इतके कठडे आहेत, चढून तरी पाहा.

सोनचाफा

कलम आणि दौत, 'मुलगी म्हणजे परक्याचं धन' याचंही सांगा ना. लग्नात ऐकायला फार हळवं वाटतं आणि नंतर त्याचा कागद होतो.

कलम आणि दौत

अगदी. वाक्य जुनं आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्व म्हणतात, 'अर्थो हि कन्या परकीय एव'. तिथे ते मुलीला निरोप देणाऱ्या बापाच्या तोंडी आहे. आज ते तलाठ्याच्या दारात भावाच्या तोंडी असतं.

कायदा काय म्हणतो: हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्येच केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीत ती लग्नाची अट नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी या दुरुस्तीने उघडता येत नाही.

व्यवहारात हक्क जातो तो हक्कसोडपत्राने. 'सही कर, माहेर तुटायला नको.' ते नोंदणीकृत झालं की फिरवणं फार अवघड. सहीआधी तीन गोष्टी बघा: कुठले गट नंबर किंवा मिळकती लिहिल्यात, 'इतर सर्व मिळकती' असा मोघम शब्द घुसडलाय का, आणि मोबदल्याची रक्कम लिहिली असेल तर ती खरंच खात्यात आलीय का. वारस नोंदीच्या फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला १५ दिवस असतात. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, म्हणून फेरफार ऑनलाइन बघत राहावं.

सोनचाफा

धन्यवाद. आता 'एका हाताने टाळी वाजत नाही'. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हेच ऐकवतात. टाळीला दोन हात लागतात, थप्पडीला एकच लागतो. एवढंच.

पूर्णविराम

अंत्यविधीला गेल्यावर बोलायची वाक्यं. 'काळ हेच औषध', 'सुटले बिचारे', 'मन घट्ट कर', आणि सगळ्यात निरुपयोगी म्हणजे 'काही लागलं तर सांग'. या शेवटच्याने काम त्या घरावरच ढकललं जातं: काय हवंय ते शोधा, कोणाला सांगायचं ते ठरवा, मग संकोच गिळून फोन करा. सांगणारा मोकळा.

त्याऐवजी नेमकं काम उचला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. 'दाखल्याचा अर्ज मी भरतो, आधार आणि रुग्णालयाचा कागद दे.' दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या. बँक, विमा, पेन्शन, वीजजोड, गॅस, घराची नोंद, सगळीकडे लागतात. नावाचं स्पेलिंग आधारशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहा, एका अक्षराच्या फरकाने विमा अडतो. 'मंगळवारी बँकेत मी बरोबर येतो' हे वाक्य 'मन घट्ट कर'पेक्षा जास्त धीर देतं.

याच घरात ऐकू येणारं दुसरं खोटं: 'नॉमिनी आहे ना, मग प्रश्न मिटला.' बँक खात्याचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. पैसे वारसांचे.

कात्री

'अपवादाने नियम सिद्ध होतो.' वादात हरलं की हे वाक्य. नियमाला छेद देणारं उदाहरण समोर आलं की नियम मोडतो, सिद्ध कसला होतो? मूळ लॅटिन सूत्र कायद्यातलं आहे आणि त्याचा अर्थ सरळ आहे. 'रविवारी वाहने उभी करण्यास मनाई' अशी पाटी असेल, तर पाटीवर न लिहिताही कळतं की सोमवार ते शनिवार परवानगी आहे. कोणीतरी मुद्दाम अपवाद *लिहून ठेवला*, यावरून नियम आहे हे कळतं. सापडलेला अपवाद आणि नोंदवलेला अपवाद, दोन वेगळ्या गोष्टी.

आणि 'चकाकतं ते सोनं नसतं'. असं म्हटलं की चकाकणारं काहीच सोनं नसतं, सोनंसुद्धा! 'चकाकतं ते *सगळंच* सोनं नसतं'. तो 'सगळंच' खाऊ नका.

पण-परंतु

'राग मानू नका, पण…', 'तसं काम छान झालंय, पण…' मराठीत 'पण'च्या अलीकडचं पुसलं जातं आणि पलीकडचं उरतं. करून पाहा: 'काम छान झालंय, पण उशीर झाला' आणि 'उशीर झाला, पण काम छान झालंय'. शब्द तेच, पहिल्यात बोलणी, दुसऱ्यात शाबासकी. शाबासकी द्यायची असेल तर ती शेवटी ठेवा. दोन्ही पोचवायचं असेल तर दोन वाक्यं करा आणि 'पण' काढून टाका.

खडूस खारूताई

'बघू', 'होऊन जाईल', 'कळवतो'. तिन्हींचा अर्थ 'नाही'. उपाय: लगेच 'कोण आणि कधीपर्यंत?' एवढंच विचारायचं. उत्तरात वार आला नाही तर विषय संपला असं धरा.

हिशेबनीस

'थेंबे थेंबे तळे साचे.' आता आकडेमोड.

साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर. सेकंदाला १ थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे ४.३ लिटर. तळं १० मीटर बाय १० मीटरचं घ्या. उघड्या पाण्यातून दिवसाला ५ मिलिमीटर वाफ होऊन जाते असं धरलं तर १०० चौरस मीटरमधून रोज ५०० लिटर उडतात. नुसती पातळी टिकवायला सेकंदाला सुमारे ११६ थेंब हवेत. जमिनीत मुरतं ते वेगळंच. थेंबाथेंबाने तळं साचत नाही, तळ ओला होतो. तळी भरतात पावसाच्या लोंढ्याने.

बचतीतही तेच. महागाई म्हणजे ही वाफ. ७२ ला महागाईच्या दराने भागा: ६ टक्क्यांनी १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी. डब्यात टाकलेले थेंब साचतात तेवढेच उडत असतात. परतावा महागाईच्या वर असेल तरच पातळी चढते.

जुनी वही

हिशेबनीस, ५ मिलिमीटर हा बारमाही आकडा नाही. पावसाळ्यात हवा दमट, वाफ कितीतरी कमी, आणि उन्हाळ्यात तुमच्या आकड्याच्याही वर. शिवाय खड्ड्याचा आकार: तोंड लहान, खोली जास्त असा रांजण घ्या, झाकण ठेवा, तुमच्या ४.३ लिटरने १०० लिटरचा रांजण २४ दिवसांत भरतो. म्हण चूक नाही, भांडं चुकलंय.

हिशेबनीस

हे मान्य. झाकणाचा मुद्दा बचतीलाही लागू पडतो, पैसे काढायला जरा अडचण हवी.

चावी-पाना

तुमचं तळं राहू द्या, सेकंदाला १ थेंब गळणारा नळ वर्षाला दीड हजार लिटरच्या वर घालवतो. म्हण तिथे खरी आहे. बहुतेक वेळा फाटलेला वायसर. मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी काढा, पान्याने वरचं स्पिंडल सोडवा, खालचा वायसर बदला. अर्ध्या इंची नळाला अर्ध्या इंचाचाच. बसवण्याआधी आतल्या सीटवर बोट फिरवा, खरखरीत लागली तर नवा वायसरही महिनाभरात जाईल. आणि गळतोय म्हणून नळ आणखी जोरात पिळू नका, वायसर फाटतो तो त्यानेच.